कारखान्याचं सांडपाणी: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार या भागातून सांडपाण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी आणले आहेत. विचारणारे कारखानदार आहेत, ईटीपीवर रात्रपाळी करणारे ऑपरेटर आहेत आणि नाल्याकाठी शेती असलेले शेतकरीही आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी केली आहे, अडचणीचे पुढे येतील.

१. ईटीपी, एसटीपी आणि सीईटीपी यांत फरक काय?

ईटीपी म्हणजे कारखान्याच्या उत्पादनातून निघालेलं पाणी साफ करणारी यंत्रणा. एसटीपी संडास-बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी असते. सीईटीपी म्हणजे वसाहतीतल्या अनेक कारखान्यांनी मिळून चालवलेली सामायिक ईटीपी (प्रश्न १२ पाहा). छोट्या कारखान्यांत कामगारांच्या संडासाचं पाणी आणि प्रोसेसचं पाणी एकाच चेंबरमध्ये सोडलेलं सर्रास दिसतं. असं करू नका. त्याचं कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

२. नाल्यात आधीच गावाचं गटार वाहतंय. त्यात आमचं चार बादल्या पाणी गेलं तर असा काय फरक पडतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

एक लीटर सायीचं दूध नाल्यात सांडलं असं धरा. ते कुजताना पाण्यातला सुमारे १०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लीटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे एक लीटर दूध जवळपास १३,००० लीटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतं. आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येतो तो मोठा टँकर डोळ्यांसमोर आणा. तो अख्खा टँकर एका लीटरनं मेला. डेअरीत टाक्या धुताना वाया जाणारं दूध रोज किती लीटर असतं, ते डेअरीवाल्यांना ठाऊक असतं.

आता यात खान्देशाची गोष्ट मिळवा. कोकणातल्या ओढ्याला निदान काही महिने स्वतःचं पाणी असतं. आपला नाला वर्षातले आठ महिने कोरडा असतो, त्यामुळे होळीनंतर त्यात जे वाहताना दिसतं ते सगळं कुणीतरी सोडलेलंच असतं. पातळ करायला तिथे काहीच नसतं. ते पाणी वाटेत जमिनीत मुरतं, काठच्या विहिरींना लागतं आणि उरलेलं गिरणेत, पांझरेत किंवा थेट तापीत जातं. मुडावदला पांझरा तापीला मिळते, पुढे तीच तापी उकाईच्या धरणात आणि मग सुरतेला. पण सुरतेपर्यंत जायची गरज नाही. पहिला फटका त्याच तालुक्यातल्या, बऱ्याचदा त्याच शिवारातल्या विहिरीला बसतो.

३. बीओडी आणि सीओडी म्हणजे काय? रिपोर्टात दोन्ही आकडे येतात.

पाण्यातली कुजणारी घाण खाऊन संपवायला जिवाणूंना जेवढा ऑक्सिजन लागतो तो बीओडी. आपल्याकडे तो २७ अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात. सीओडीमध्ये तीच गोष्ट रसायनांनी दोन-तीन तासांत मोजली जाते आणि त्यात जिवाणूंना न पचणारी घाणही धरली जाते, म्हणून सीओडी नेहमी जास्त येतो. सीओडी बीओडीच्या दुप्पट-अडीचपट असेल तर पाणी जिवाणूंच्या ईटीपीला चालण्यासारखं आहे. पाच-सहापट असेल तर आधी रासायनिक प्रक्रिया लागेल.

४. पाणी किती साफ झालं म्हणजे सोडता येतं?

हे कुठे सोडता त्यावर ठरतं. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मर्यादा अशा: नदी-नाल्यात सोडायचं तर पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ५.५ ते ९, बीओडी ३०, सीओडी २५०, तरंगते कण १००, तेल-ग्रीस १० (पीएच सोडून सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लीटर). शेतजमिनीवर सोडायचं तर बीओडी १०० आणि कण २०० पर्यंत चालतात. एसटीपीला जोडलेल्या गटारात सोडायचं तर बीओडी ३५०, कण ६०० आणि तेल २०.

पण तुमच्या कारखान्याला लागू होणारा आकडा तुमच्या कन्सेंटच्या (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लेखी परवानगीच्या) कागदावर असतो आणि तो याहून कडक असू शकतो. काही उद्योगांसाठी स्वतंत्र मर्यादाही आहेत. वाद झाला तर आधी कन्सेंट काढून वाचा. कित्येक कारखान्यांत तो फ्रेममध्ये भिंतीवर लावलेला असतो, पण त्यातल्या अटींची पानं फाइलमध्ये पडून असतात.

५. माझी छोटी दालमिल आहे. मलाही कन्सेंट लागतो का?

हो. पाणी प्रदूषण कायदा १९७४ चा आहे, आणि तो कारखाना लहान की मोठा हे पाहून सूट देत नाही. उद्योगांची प्रदूषणाच्या प्रमाणात लाल, नारिंगी, हिरवी आणि पांढरी अशी वर्गवारी २०१६ मध्ये झाली, त्यात दालमिल हिरव्या श्रेणीत होती. पांढऱ्या श्रेणीतल्यांना कन्सेंट लागत नाही, मंडळाला कळवलं की पुरे. २०२५ मध्ये यादी सुधारली आणि निळी श्रेणी आली, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका. उभारणीआधी एक कन्सेंट आणि उत्पादन सुरू करण्याआधी दुसरा, असे दोन टप्पे असतात. खान्देश महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक प्रादेशिक कार्यालयाखाली येतो.

दालमिलचं पाणी तसं थोडंच, पण डाळ भिजवून भरडत असाल तर त्या पाण्याचा बीओडी चांगलाच असतो. ‘आमचं काय, नुसतं डाळीचं पाणी’ म्हणून ते रस्त्यावर सोडू नका.

६. ईटीपी बसवायची आहे. सुरुवात कुठून करू?

यंत्राच्या कोटेशनपासून करू नका. आधी एक आठवडा कारखान्यात फिरा आणि कुठल्या नळातून, कुठल्या मशीनमधून, दिवसाच्या कुठल्या वेळी किती पाणी निघतं ते वहीत लिहा. ही वही झाल्याशिवाय कुठल्याही सल्लागाराला पैसे देऊ नका.

मग पाणी वेगळं करा. माझ्या मते अख्ख्या पानावरची सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. कूलिंग टॉवरचं पाणी, पत्र्यावरून येणारं पावसाचं पाणी, संडासाचं पाणी, तेलकट पाणी, आम्लाचं पाणी हे सगळे प्रवाह निराळे असतात आणि त्यांचा इलाजही निराळा असतो. एका टाकीत सगळं ओतलं की दहा हजार लीटर घाणीचं पन्नास हजार लीटर होतं, पाचपट मोठी टाकी लागते, पाचपट वीज लागते, आणि जे तेल किंवा धातू सुरुवातीला सहज निघाले असते ते पातळ होऊन हाती लागत नाहीत. जळगावच्या वसाहतीत असोत की धुळ्यात अवधानला, बंद पडलेल्या ज्या ईटीपी मी आतून पाहिल्या त्यांतल्या बहुतेक ठिकाणी यंत्र ठीक होतं, पाइपच चुकीचे जोडलेले होते.

त्यानंतरचा क्रम साधा: जाळी, तेल असेल तर तेलाचा सापळा, मग इक्वलायझेशन टँक (वेगवेगळ्या वेळचं पाणी साठवून एकसारखं करणारी टाकी), पीएच दुरुस्ती, चुना-फिटकरीनं गाळ बसवणं, हवा देऊन जिवाणू वाढवायची एरेशन टाकी, सेटलिंग (गाळ खाली बसू द्यायची टाकी) आणि शेवटी वाळू-कार्बनचे फिल्टर. यातली इक्वलायझेशन टाकी खर्च वाचवायला लहान करतात. ती करू नका. दिवसभराचं आम्ल आणि अल्कली तिथेच एकमेकांत जिरतं. (सायनाइड आणि क्रोमचं पाणी मात्र प्रक्रियेआधी या टाकीतही सोडू नका, प्रश्न ७ पाहा.)

७. प्लेटिंगचा (धातूवर मुलामा देण्याचा) छोटा व्यवसाय आहे. दिवसाला हजारभर लीटरच पाणी निघतं. एवढ्यासाठी काय करायचं?

प्लेटिंग लाल श्रेणीत येतं आणि ते योग्यच आहे. तुमच्याकडे दोन प्रवाह असतील. सायनाइडचं पाणी नेहमी अल्कलीत, पीएच १० च्या वर ठेवून हायपोक्लोराइटनं मारायचं. क्रोमचं पिवळं पाणी उलट आम्लात, पीएच २ ते ३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं. पिवळा रंग जाऊन हिरवट झाला की चुना टाकून पीएच ८-९ करायचा, मग क्रोम गाळ होऊन खाली बसतो. हे दोन प्रवाह प्रक्रियेआधी चुकून एकत्र आले तर सायनाइडचा वायू सुटतो आणि माणूस जागेवर मरतो. दोन टाक्या, दोन रंगांचे पाइप आणि दोन स्वतंत्र पंप हवेतच.

पाणी कमी करायचा उपाय फुकट आहे. जॉब बाथमधून काढला की लगेच धुवायला नेऊ नका. पंधरा-वीस सेकंद बाथवरच लटकत ठेवा, निथळू द्या. धुण्याच्या टाक्या एकामागे एक तीन ठेवा आणि पाणी शेवटच्या टाकीकडून पहिल्या टाकीकडे येऊ द्या. बाथमधलं महाग रसायनही वाचतं.

८. चटईसाठी जुनं प्लास्टिक धुतो. त्यात रसायन काहीच नाही, फक्त माती. तरी ईटीपी?

माती आहे, पण प्लास्टिकचा चुराही आहे, खताच्या आणि औषधाच्या पिशव्या असतील तर त्यांचे अंशही आहेत. सुदैवानं हे पाणी पुन्हा वापरायला सोपं आहे. तीन कप्प्यांची सेटलिंग टाकी, मध्ये बारीक जाळी आणि थोडी फिटकरी एवढ्यावर तेच पाणी धुण्याला परत परत घेता येतं. टाकी उपसल्यावर निघालेला चुरा जाळू नका. कीटकनाशकांची रिकामी पाकिटं धुवायला घेऊच नका.

९. ऑइल मिल आहे. तेलाचा सापळा बांधला, तरी तेल पुढे जातं. का?

पाणी गरम असताना सापळ्यात येत असेल तर हे होणारच. गरम आणि साबण मिसळलेल्या पाण्यात तेलाचे थेंब इतके बारीक होतात की ते वर येत नाहीत. पाणी आधी गार होऊ द्या, साबणाचं पाणी वेगळं फोडा, मग सापळा. केळीचे वेफर्स तळणाऱ्यांनाही हेच लागू. तळणीतलं उरलेलं तेल मोरीत न ओतता डब्यात साठवून विकलं तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

१०. एरेशन टाकी बरोबर चालली आहे हे प्रयोगशाळेत न पाठवता कसं ओळखायचं? (ऑपरेटरांचा प्रश्न)

एक लीटरचा मोजमापाचा सिलिंडर घ्या. टाकीतलं ढवळलेलं पाणी त्यात काठोकाठ भरा, सपाट जागी ठेवा आणि अर्धा तास हात लावू नका. तपकिरी गाळ २५० ते ४०० मिलिलीटरपर्यंत बसला आणि वरचं पाणी नितळ असलं तर जिवाणू खुशीत आहेत. ७०० च्या वरच अडकला तर गाळ फुगलाय. जास्तीचा गाळ काढायला हवा, नाहीतर खाद्याचं, म्हणजे जिवाणूंना मिळणाऱ्या घाणीचं, प्रमाण बिघडलंय. छान बसून तासाभरानं ढेकळासारखा वर तरंगला तर सेटलिंग टाकीत तो फार वेळ पडून राहतोय. काळा पडला आणि सडक्या अंड्याचा वास आला तर हवा पोचत नाही. पांढरा खळखळीत फेस म्हणजे गाळ कोवळा आहे किंवा साबण जास्त आलाय. तपकिरी चिकट फेस म्हणजे गाळ म्हातारा झालाय.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कारखान्यात रात्री मी गेलो होतो. तिथला ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) गेटवरून तपासणी आल्याचा फोन आला तरच सुरू व्हायचा. ऑपरेटरनं न बोलता मला सिलिंडर भरून दाखवला. अर्ध्या तासानंतरही ते काळं पाणी जसंच्या तसं उभं होतं, खाली काही बसलं नव्हतं. तो म्हणाला, “साहेब, हे कधीच मेलंय. मी रोज रजिस्टरात जिवंत लिहितो.” तो माणूस वाईट नव्हता. त्याला सही करायला लावणाऱ्यानं त्या टाकीजवळ कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मालकांना विनंती आहे, आठवड्यातून एकदा हा सिलिंडर स्वतः भरून पाहा. अर्धाच तास लागतो.

उन्हाळ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो. पाणी जितकं तापतं तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि टाकीतलं पाणी ४० अंशांकडे गेलं की जिवाणू ढेपाळतात. गरम पाणी थेट टाकीत घेऊ नका, ब्लोअरवर छप्पर घाला, जमेल तितकं खाद्य रात्री द्या.

११. दिवाळीला कारखाना आठ दिवस बंद असतो. नंतर ईटीपी चालूच होत नाही.

जिवाणू आठ दिवस उपाशी राहिले. सुट्टीतही ब्लोअर दर काही तासांनी थोडा वेळ चालवा आणि गुळाचं पाणी, चिमूटभर युरिया आणि डीएपी देत राहा. प्रमाण साधारण असं: बीओडी १०० असेल तर नायट्रोजन ५, स्फुरद १. गाळ मेलाच असेल तर दुसऱ्या चांगल्या ईटीपीतून किंवा एसटीपीतून टँकरभर जिवंत गाळ आणा. तो न मिळाल्यास ताजं शेण पाण्यात कालवून, गाळून घाला. पण शेणावर टाकी उभी राहायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर पाणी कमी घ्या.

वीज गेली तरी हेच तत्त्व: पाणी इक्वलायझेशन टाकीत अडवा, बायपासचा व्हॉल्व्ह उघडू नका. ईटीपीला वेगळं वीजमीटर लावलेलं असतं. तपासणीला आलेला अधिकारी आधी त्याचंच रीडिंग बघतो.

१२. सीईटीपी आली की आमची जबाबदारी संपली ना?

नाही. सीईटीपीत पाणी घ्यायच्याही मर्यादा असतात, त्या राज्य मंडळ ठरवतं. तेवढ्यावर पाणी आणण्याची प्राथमिक प्रक्रिया तुम्हालाच करावी लागते. सर्वोच्च न्यायालयानं २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात स्पष्ट सांगितलं की चालू प्रक्रिया यंत्रणा नसेल तर कारखाना चालणार नाही, आणि सीईटीपींसाठीही मुदत घालून दिली.

सामायिक यंत्रणा चालवणं आपल्या भागाला नवं नाही. पांझरेवरची फड पद्धत आठवा. एका बंधाऱ्यावर सगळ्यांची शेती, पाटकरी वाटून देईल तेवढंच पाणी, पाट उपसायला प्रत्येकानं यायचं. तिथे कुणी चोरून पाट फोडला तर सगळ्यांना कळायचं, कारण खालचा फड कोरडा राहायचा. सीईटीपीत हे कळायला प्रत्येक कारखान्याच्या तोंडावर मीटर आणि नमुना घ्यायची जागा हवी. ती नसेल तर एक प्लेटिंगवाला रात्री बाथ सोडतो आणि पन्नास जणांनी पैसे भरून वाढवलेले जिवाणू सकाळी मेलेले असतात. सभासद होताना वर्गणीच्या आकड्याआधी हे विचारा.

१३. शहरात भुयारी गटार झालं. आता कारखान्याचं पाणी त्यात जोडू का?

महापालिकेच्या लेखी परवानगीशिवाय आणि कन्सेंटमध्ये तसं लिहिलेलं असल्याशिवाय नाही. शिवाय गटाराच्या टोकाला खरोखर चालणारी एसटीपी हवी, तरच प्रश्न ४ मधली ३५० ची मर्यादा लागू. ती नसेल तर ते गटार म्हणजे नालाच. एसटीपी शहराच्या मैल्यासाठी बांधलेली असते. आम्ल, धातू, तेल तिला पचत नाही.

जळगाव आणि धुळे दोन्ही महापालिका २००३ च्या. त्यानंतर वस्ती कारखान्यांपर्यंत जाऊन भिडली, त्यामुळे निवासी भागातल्या गॅरेज, वॉशिंग सेंटर, छोट्या वर्कशॉपचं पाणीही आता या गटारात येतं. महापालिकेनं नवीन कॉलनीला लेआउट देतानाच हे प्रवाह वेगळे केले पाहिजेत, असं मला ठामपणे वाटतं. नंतर रस्ता खोदून ते होत नाही.

१४. ईटीपीचं पाणी केळीला दिलं तर चालेल?

बीओडी कमी आहे म्हणून देऊ नका. केळीला क्षार सोसत नाहीत. पानांच्या कडा करपू लागल्या की समजा उशीर झाला. दुसरं, ईटीपीत पीएच वाढवायला कॉस्टिक सोडा वापरला असेल तर त्यातलं सोडियम पाण्यातच राहतं, आणि आपली काळी जमीन सोडियमनं चोपण होते. पाणी वर साचतं, खाली मुरत नाही, वाळल्यावर दगडासारखी भेगाळते. सुधारायला जिप्सम टाकत वर्षं जातात.

द्यायचंच असेल तर कारखान्याच्या आवारातल्या झाडांना, कन्सेंटमध्ये नमूद केलेल्या क्षेत्रावर, एकूण क्षार लीटरमागे २१०० मिलिग्रॅमच्या आत आणि सोडियमचं प्रमाण तपासून. कॉस्टिकऐवजी चुना वापरा. भाजीपाल्याला तर नकोच. नाल्याच्या पाण्यावर मेथी-पालक पिकवणाऱ्यांसाठीही हेच उत्तर आहे, फरक इतकाच की त्यांना ते पाणी कुणी तपासूनही देत नाही.

१५. आपल्याकडे ऊन भरपूर आहे. तळं खोदून पाणी वाळवलं तर ईटीपी लागणार नाही ना?

हिशेब करू. वर्षाची सरासरी रोज ५ मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. दिवसाला १०,००० लीटर वाळवायला २,००० चौरस मीटर तळं लागलं, म्हणजे अर्धा एकर. मे महिन्यात याच्या दुपटीनंही उडेल. पण पावसाळ्यात ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्याच तळ्यात १४ लाख लीटर पाणी वरून पडतं, आणि ते आता सगळं सांडपाणी झालेलं असतं. तळाला पक्कं अस्तर नसेल तर ते उडण्याआधी मुरतं. आरओच्या थोड्या रिजेक्टसाठी (आरओ फिल्टरमधून मागे उरलेल्या खाऱ्या पाण्यासाठी), अस्तर घालून, वर काठ बांधून तळं ठीक. मुख्य उपाय म्हणून नाही.

१६. बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडलं तर नाल्यात तरी जाणार नाही.

कृपा करून हे करू नका. नाल्यातलं पाणी निदान दिसतं. बोअरमधलं दिसत नाही, तिथे ऊन-वारा नाही, ऑक्सिजन नाही, ते आपोआप साफ होत नाही. बेसाल्टच्या भेगांतून ते कुणाच्या बोअरला लागेल हे सांगता येत नाही. यावल-रावेरकडे भूजल आधीच इतकं खोल गेलंय की लोक ते परत भरायला धडपडताहेत. हे बेकायदेशीरही आहे, आणि बोअर बुजवली म्हणून झालेलं नुकसान परत येत नाही.

१७. पावसाळ्यात पूर आला की सोडायचं, वाहून जातं. यात गैर काय?

मर्यादा लीटरमागे मोजतात आणि त्या तुमच्या आउटलेटला लागू होतात, नाल्यातल्या पुराला नाही. साठवलेलं एकदम सोडल्यावर पहिल्या पावसात खालच्या डोहात मासे मरतात, ते याचमुळे. कूलिंगचं चांगलं पाणी मिसळून आकडा खाली आणणं हीसुद्धा प्रक्रिया नव्हे. त्याऐवजी आवारातलं पहिल्या अर्ध्या तासाचं पावसाचं पाणी अडवून ईटीपीत घ्या, कारण सांडलेलं सगळं तेच धुऊन आणतं.

१८. आमनी विहीरनं पानी पिवळं व्हई गयं. आते काय करानं?

हा प्रश्न अहिराणीतून व्हॉइस मेसेजनं आला, तसाच ठेवला.

दादा, आधी ते पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं थांबवा, गुरांनाही देऊ नका. उकळून उपयोग नाही, उकळल्यानं धातू जात नाही, उलट आटून वाढतो. पिवळेपणा लोहानंही येतो, पण जवळ प्लेटिंग किंवा क्रोमचं काम असेल तर क्रोमची तपासणी करायलाच हवी. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लीटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

दोन लीटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरा. तारीख, वेळ, विहिरीची जागा लिहा, मोबाइलवर फोटो काढा, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. वरच्या बाजूच्या एका चांगल्या विहिरीचाही नमुना सोबत द्या, तुलना करता येते. मग ग्रामपंचायतीचा ठराव, त्यासोबत मंडळाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही.

१९. ईटीपीचा गाळ टँकरवाला घेऊन जातो. कुठे टाकतो ते माहीत नाही.

मग तो तुमचाच आहे. रासायनिक ईटीपीचा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतो. ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, आणि अधिकृत वाहनातून, फॉर्म १० भरून, तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या मान्य केंद्राकडेच पाठवायचा असतो. केंद्राची पोच परत आली नाही तर गाळ पोचला नाही असं समजा. डेअरी किंवा डाळीच्या जैविक गाळाचं वेगळं आहे. त्यात धातू नसल्याचं तपासून खत करता येतं.

२०. बोर्डाचा माणूस नमुना घेऊन गेला आणि फेल आला. आमच्या रिपोर्टात तर पास होता.

कायदेशीर नमुन्याला १९७४ च्या पाणी कायद्याच्या कलम २१ ची पद्धत आहे. तुम्ही मागणी केली तर नमुना तुमच्यासमोर दोन भागांत विभागून, सील करून, दोघांच्या सहीनं ठेवावा लागतो. ही मागणी त्याच वेळी करायची असते, नंतर नाही. पण तुमचा ‘पास’ रिपोर्ट दुपारी, ईटीपी नीट चालू असताना घेतलेल्या बाटलीचा असेल आणि मंडळाचा पहाटेचा, तर दोन्ही खरे असू शकतात. २४ तासांत दर तासाला थोडं थोडं घेऊन केलेला एकत्र नमुना तपासून पाहा.

नमुने पुन्हा पुन्हा फेल गेले तर कलम ३३-अ खाली वीज-पाणी तोडून बंदीचा आदेश निघू शकतो. केंद्रीय मंडळाच्या सूत्रानं पर्यावरणीय भरपाईही लागते, ती रोजची किमान ५,००० रुपये आणि लाल श्रेणीला सगळ्यात जड.

२१. टाकी साफ करायला माणूस आत उतरवायचा आहे. काय काळजी घ्यावी?

शक्यतो उतरवूच नका, पंपानं उपसा. तेलाचा, स्टार्चचा, डाळीचा गाळ कुजला की हायड्रोजन सल्फाइड होतो. त्याचं प्रमाण वाढल्यावर नाक बधिर होतं आणि वासच येत नाही, म्हणून ‘आता वास गेला’ ही धोक्याची खूण आहे. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. असे मृत्यू होत आले आहेत. उतरणं टळतच नसेल तर झाकणं आदल्या दिवशी उघडा, ब्लोअरनं हवा खेळवा, गॅस मीटरनं मोजा, कमरेला दोर, वर दोन माणसं, आणि हवेचा मास्क. यातलं एकही नसेल तर काम थांबवा, मालक काहीही म्हणो.

२२. साफ केलेलं पाणी विकत घेणारं कुणी आहे का?

शहराच्या एसटीपीचं पाणी उद्योगांनी घ्यावं अशी धोरणाची दिशा आहेच. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात एसटीपीपासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीजकेंद्रांनी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरावं असं म्हटलं आहे. भुसावळजवळचं दीपनगर जळगावपासून त्या टप्प्यात येतं. वाघूर आणि हतनूर धरणांचं पाणी पिण्याला आणि शेतीला जितकं राहील तितकं बरं. तुमच्या एका कारखान्याच्या पाण्याला मात्र गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा ते स्वतःच्या कूलिंग टॉवरला, बॉयलरची राख भिजवायला, फरशी धुवायला वापरणं स्वस्त पडतं.

२३. ईटीपीच्या शेवटच्या टाकीत मासे सोडले आहेत, मस्त जगतात. मग पाणी चांगलंच ना?

मासे असणं वाईट नाही. नियमांतही माशांची चाचणी आहे: न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत हवेत. पण त्या टाकीला नळाचं पाणी जोडलेलं नाही ना, आणि मेलेले मासे पहाटे काढून नवे सोडले जात नाहीत ना, हे आधी तपासा. काही मासे इतके चिवट असतात की क्षार जास्त असले तरी तग धरतात. केळीची रोपं तिथे करपतील. म्हणून मासे ठेवा आणि त्यांच्यासोबत रोजचा पीएच, सीओडी आणि क्षार यांचा आकडा टाकीशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवा, गेटवरून येणाऱ्या कुणालाही दिसेल असा.